स्वतःच्या सर्व्हरवरच्या वेबमेलला टू-फॅक्टर: कोणी लावलंय का?

लेथवाला | ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. या विभागात माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

नाशकात अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. माणसं चौदा, मेलबॉक्स अकरा. मेल स्वतःच चालवतो: भाड्याचा व्हीपीएस (दूरचा सर्व्हर), त्यावर डेबियन लिनक्स, मेल पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डोव्हकॉट, आणि ब्राउझरमधून बघायला राउंडक्यूब. मी मेकॅनिकलचा. सर्व्हरचं जे काही येतं ते रात्री जागून, चुकत चुकत शिकलेलं. पाच वर्षं निभावलं.

ऑगस्टात झटका बसला. आमच्या अकाउंट्सच्या काकांच्या मेलबॉक्समधून पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मेल गेला: 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम कृपया सोबतच्या खात्यावर जमा करावी.' खाली काकांचीच सही, आमचाच लोगो, आणि मागच्या खऱ्या बिलाचा अख्खा पत्रव्यवहार जोडलेला. रक्कम पावणेचार लाख. गिऱ्हाइकाकडच्या बाईंना वाटलं, हे काका सहा वर्षांत कधी 'कृपया' म्हणाले नाहीत, आजच कसे म्हणाले? त्यांनी फोन लावला म्हणून वाचलो.

पासवर्ड काकांनी आणखी कुठल्याशा खरेदीच्या साइटवरही तोच ठेवला होता, बहुधा तिथून फुटला. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. आता राउंडक्यूबला टू-फॅक्टर (पासवर्डच्या जोडीला फोनवरचा कोड) लावायचंय. कोणतं प्लगइन (वरून जोडायचा प्रोग्रॅम) चांगलं, आणि काकांसारख्या माणसाला (वय ६३, साधा स्मार्टफोन, चिडका स्वभाव) झेपेल का?

चिंचोका | ८ सप्टेंबर, रात्री १०:५२

'कृपया' न म्हणण्याबद्दल काकांना पगारवाढ द्या. असलं टू-फॅक्टर विकत मिळत नाही.

मी_ठाणेकर | ८ सप्टेंबर, रात्री ११:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अकरा मेलबॉक्ससाठी हा उपद्व्याप कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीची मेल सेवा घ्या, टू-फॅक्टर आयतं मिळतं. घरी मेल सर्व्हर ठेवणं म्हणजे फ्लॅटमध्ये गाय पाळणं. दूध स्वतःचं, कबूल, पण शेणही स्वतःच काढायचं.

लेथवाला | ८ सप्टेंबर, रात्री ११:३१

ठाणेकर, राग नाही. पण गाय आता घरातली झालीय. आमचे ड्रॉइंगचे मेल मोठाले असतात, दहा वर्षांचे जुने ठेवावे लागतात, आणि माणसागणिक दरमहा भाडं दिलं की वर्षाचा आकडा बघून वडील माझ्याकडे बघतात. तेव्हा गाय आहे असं धरून पुढे बोलू.

पोस्टमास्तर | ९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मूळ राउंडक्यूबमध्ये टू-फॅक्टर नाही, ते प्लगइननंच येतं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं 'टूफॅक्टर जीऑथेंटिकेटर'. नावावर जाऊ नका, गूगलशी त्याचा व्यवहार होत नाही. टीओटीपीचं, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या कोडचं, कुठलंही ॲप चालतं. अँड्रॉइडवर मी एजिस सुचवतो.

आत काय चालतं ते थोडक्यात, कारण पुढे कामाला येईल. क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये जाते, तीच सर्व्हरकडेही राहते. १ जानेवारी १९७० पासून तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे होऊन गेले ते दोघंही आपापल्या घड्याळावर मोजतात, ती संख्या आणि किल्ली एकत्र खलून सहा आकडे काढतात. सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही. २०११च्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजात हे सगळं लिहिलेलं आहे.

पण लेथवालेराव, प्लगइन लावण्याआधी एक सांगा. चोर कुठल्या दारानं आत आला ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, बघितलंत का? राउंडक्यूब ही तुमच्या घराची एक खिडकी आहे. मेल प्रोग्रॅममधून मेल वाचायचं आयमॅपचं पोर्ट ९९३, मेल पाठवायचं ५८७ आणि ४६५ ही दारं वेगळी, आणि त्यांना टू-फॅक्टर म्हणजे काय हे ठाऊकच नाही. पासवर्ड दिला की उघडतात.

निवांत | ९ सप्टेंबर, सकाळी ९:२०

वाचतोय.

निवृत्त_खजिनदार | ९ सप्टेंबर, सकाळी ११:४८

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची दहा ओटीपीच्या तक्रारी ऐकण्यात. रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी ओळख सक्तीची केली, तेव्हा लोक काउंटरवर येऊन भांडायचे. आज ओटीपी आला नाही तर भांडतात.

एक गोष्ट राहून जातेय. तुम्ही वाचलात ते फोनमुळे. खातं बदलल्याचं पत्र, मग ते मेलनं येवो की स्पीड पोस्टानं, जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय खरं मानायचं नाही, हा नियम तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना आजच लेखी कळवा. आणि फोन मेलच्या खाली छापलेल्या नंबरवर लावायचा नाही, आपल्या वहीतल्या नंबरवर लावायचा. सहीखालचा नंबरही चोरानं बदललेला असतो.

दुसरं, सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार केलीत का? पैसे गेले नसले तरी ते चोराचं खातं गोठवता येईल, दुसरा कोणी वाचेल.

लेथवाला | ९ सप्टेंबर, रात्री ९:१०

खजिनदारबाई, तक्रार केली. पत्र उद्याच पाठवतो, सुचलंच नव्हतं.

पोस्टमास्तर, लॉग बघितला आणि घाम फुटला. काकांच्या नावावर बाहेरच्या आयपीवरून ऑगस्टात एकोणीस वेळा लॉगिन आहे आणि सगळं आयमॅपचं. मेल पाठवला तो ५८७ वरून. राउंडक्यूबच्या लॉगमध्ये त्या आयपीची एक ओळ नाही. म्हणजे चोरानं आमची वेबमेल उघडून बघितलीच नाही! मी ज्या खिडकीला कुलूप शोधत होतो तिथून तो आलाच नव्हता.

चिंचोका | ९ सप्टेंबर, रात्री ९:२५

म्हणजे राउंडक्यूब फक्त प्रामाणिक माणसं वापरतात.

सर्व्हरसखू | ९ सप्टेंबर, रात्री १०:३०

पासवर्ड बदललेत ना? आता काकांच्या खात्यातले फिल्टर बघा. सीव्हचे, म्हणजे आलेला मेल सर्व्हरवरच वळवणारे नियम. आत्ता बघा, मी थांबते.

लेथवाला | ९ सप्टेंबर, रात्री १०:५८

सखूताई, तुमच्या तोंडात साखर घालू की काय करू कळत नाहीये. एक नियम सापडला, नाव फक्त एक टिंब. पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाकडून आलेला प्रत्येक मेल वाचलेला अशी खूण करून 'संग्रह' नावाच्या फोल्डरात, आणि त्याची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर. पासवर्ड बदलून तीन आठवडे झाले, नियम चालूच होता! बाईंनी फोनऐवजी उलट मेल केला असता तर काकांना दिसलाही नसता.

सर्व्हरसखू | ९ सप्टेंबर, रात्री ११:१४

हाच त्यांचा नेहमीचा डाव. पैसे मागणारा मेल शेवटी जातो, त्याआधी दोन-तीन आठवडे बसून वाचतात. तुमचं हे फिल्टर बदलायचं मॅनेजसीव्हचं पोर्ट, ४१९०, जगाला उघडं असणार. वेबमेल त्याच सर्व्हरवर आहे ना? मग ते बाहेरून बंद करा. अकराही खात्यांचे फिल्टर बघा, नुसत्या काकांचे नाही.

मी_ठाणेकर | १० सप्टेंबर, सकाळी ८:४०

गाय दावणीला, चोर गोठ्यात. मी काही बोललो नाही.

पण एक उपयोगाचं सांगतो. व्हीपीएसच्या कंट्रोल पॅनलला आणि डोमेन जिथून घेतलंय तिथे टू-फॅक्टर आहे का? तिथला 'पासवर्ड विसरलात' चा मेल जर याच सर्व्हरवर येत असेल तर घराची चावी घरातच ठेवलीत. तिथे बाहेरचा पत्ता द्या. ही दोन खाती गेली की डीएनएस (डोमेनचा मेल कुठे जायचा ते सांगणाऱ्या नोंदी) बदलून अख्खी मेलच दुसरीकडे वळवता येते, तुमची प्लगइनं बसतील टाळ्या वाजवत.

फाइलवाला | १० सप्टेंबर, दुपारी १:३०

आमच्या सरकारी मेलला एनआयसीचं (सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान केंद्राचं) 'कवच' नावाचं टू-फॅक्टरचं ॲप होतं. त्याच नावाची नकली इन्स्टॉलर पसरवून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे संगणक बाधित करायचे प्रकार २०२२ मध्ये उघडकीला आले होते. सांगायचा मुद्दा, ॲप कुठलं घ्यायचं ते प्रत्येकाला स्वतः शोधू देऊ नका. तुम्ही स्वतः त्यांच्या फोनवर टाकून द्या.

अवांतर: फोन आणायला बंदी असलेल्या खोलीत बसून कोड कसा टाकायचा याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

खिडकीतला_कावळा | १० सप्टेंबर, दुपारी ३:०२

बाळबोध प्रश्न. बँकेसारखा एसएमएसनं ओटीपी का नाही पाठवत? सगळ्यांना सवय आहे, ॲप शिकवायला नको.

सर्व्हरसखू | १० सप्टेंबर, सायं ६:४५

कावळेबुवा, भारतात असा एसएमएस पाठवायचा तर आधी डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) कंपनीची नोंदणी, मग पाठवणाऱ्याच्या हेडरची (नावाची), मग मजकुराच्या साच्याची. अकरा माणसांसाठी एवढे कागद, वर गेटवेचे पैसे. आणि सिमची नकल काढून एसएमएस पळवणं जुनं झालं. ॲपला यातलं काहीच लागत नाही.

चिंचोका | १० सप्टेंबर, सायं ६:५०

मग ओटीपी मेलवरच पाठवा की. मेल उघडायला ओटीपी, ओटीपी बघायला मेल. कोणीच आत जाणार नाही, चोरसुद्धा.

पोस्टमास्तर | १० सप्टेंबर, रात्री ८:२०

आता मूळ प्रश्नाकडे. मागचं दार बंद करायचा माझा मार्ग सांगतो, दोन ठिकाणी लावलेला आहे.

डोव्हकॉटमध्ये पासवर्डची दोन दालनं करा, म्हणजे पासडीबी दोन. पहिल्यात माणसाचा मुख्य पासवर्ड, आणि त्याला 'अलाउ-नेट्स' ही अट जोडा: हा पासवर्ड फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यावरून, म्हणजे १२७.०.०.१ वरून आला तरच चालेल. राउंडक्यूब त्याच यंत्रावर असल्यानं त्याचं काम होतं. जगातून कोणी आयमॅपला मुख्य पासवर्ड दिला तर बरोबर असूनही नकार. दुसऱ्या दालनात ॲप-पासवर्ड: फोनसाठी एक, ऑफिसच्या संगणकासाठी एक. लांबलचक, यंत्रानंच बनवलेले, माणसाच्या लक्षात न राहणारे. लक्षात राहत नाही म्हणून तो दुसऱ्या साइटवरही वापरला जात नाही, हाच त्याचा फायदा. फोन हरवला की तेवढा एक पासवर्ड पुसायचा. पोस्टफिक्स जर पडताळणी डोव्हकॉटकडूनच करून घेत असेल तर ५८७ ला हेच नियम आपोआप लागतात.

मोठ्यांनीही हेच केलं. गूगलनं ३० मे २०२२ पासून घरगुती खात्यांना बाहेरच्या प्रोग्रॅममधून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर येणं बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कंपन्यांच्या एक्सचेंज ऑनलाइन खात्यांना. त्यांच्याकडे ओऑथ आहे, म्हणजे पासवर्डऐवजी ब्राउझरमधून घेतलेला परवाना. राउंडक्यूबलाही १.५ पासून ओऑथ येतं, पण त्यासाठी कीक्लोकसारखा वेगळा ओळख सर्व्हर उभा करावा लागतो. अकरा मेलबॉक्ससाठी मी तरी तो वरवंटा उचलणार नाही.

आणि राउंडक्यूबची आवृत्ती कोणती? जून २०२५ मध्ये एक भयंकर भोक जाहीर झालं, दहा वर्षं तसंच पडून होतं. लॉगिन केलेल्या कुणालाही त्यातून सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. १.६.११ आणि १.५.१० मध्ये बुजवलं. काकांचा चोरलेला पासवर्ड आणि हे भोक, एवढं पुरलं असतं अख्खा सर्व्हर ताब्यात घ्यायला. आधी अपडेट, मग प्लगइन.

बे_एरियातली_माई | ११ सप्टेंबर, पहाटे ५:१०

पोस्टमास्तरांशी सहमत, एक जोड. सहा आकडी कोडही फसवून घेता येतो. तुमच्या वेबमेलसारखंच हुबेहूब पान, पत्त्यात एक अक्षर वेगळं. काका तिथे पासवर्ड टाकतात, कोड टाकतात, मधला भामटा दोन्ही त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकून आत जातो. तीस सेकंद त्याला रग्गड झाले.

याला उत्तर म्हणजे पासकी (फोनमध्येच साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची छोटी किल्ली. त्यामागचं वेबऑथन हे मानक वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं मार्च २०१९ मध्ये पक्कं केलं. त्यात ब्राउझर पानाचा पत्ता स्वतः तपासतो, नकली पत्त्याला किल्ली उत्तरच देत नाही. माणसाच्या डोळ्यांवर काही सोडलेलं नाही. मी माझ्या आईला पुण्यात अशी किल्ली दिली. मंगळसूत्रात ओवू का म्हणाली.

लेथवाला | ११ सप्टेंबर, सकाळी १०:०५

माई, अकरा किल्ल्यांचा खर्च या वर्षी नको. काकांना आणि मला घेतो, जमलं तर. आवृत्ती १.६.६ निघाली. पोस्टमास्तर, काही विचारू नका. रात्रीच अपडेट केलं.

एक अडचण. विक्रीचा मेलबॉक्स तिघं मिळून वापरतात, एकच पासवर्ड. कोड कुणाच्या फोनवर?

सर्व्हरसखू | ११ सप्टेंबर, दुपारी २:४०

तोच क्यूआर तीन फोनवर स्कॅन केला तर तिघांनाही तोच कोड दिसतो, चालतं. पण त्यातला एक जण नोकरी सोडून गेला की किल्ली घेऊन जातो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा तिघांना वेगळी खाती द्या आणि विक्रीचा मेलबॉक्स डोव्हकॉटमध्ये सामायिक फोल्डर म्हणून तिघांना दाखवा. कोणी काय उत्तर दिलं तेही कळतं. भांडणं कमी होतात असं नाही म्हणणार, पण पुराव्यानिशी होतात.

प्लगइन लावताना माझे हात जिथे जिथे भाजले ते सांगून ठेवते. क्यूआरचं चित्र स्वतःच्या सर्व्हरवर किंवा ब्राउझरमध्येच बनलं पाहिजे. जुन्या काही पीएचपी लायब्रऱ्या चित्र बनवायला गुप्त किल्लीच पत्त्यात घालून बाहेरच्या सेवेकडे पाठवायच्या. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघून घ्या, पाच मिनिटांचं काम.

मग घुसून बघा. पासवर्ड टाका, कोड टाकू नका, आणि त्याच ब्राउझरात दुसऱ्या टॅबमध्ये सेटिंग्जचा पत्ता थेट उघडा. सेटिंग्ज किंवा मेल दिसले तर प्लगइन म्हणजे नुसता पडदा. लक्षात घ्या, पासवर्डच्या टप्प्यावरच राउंडक्यूब आयमॅपला जाऊन येतं, म्हणून डोव्हकॉटच्या लॉगमध्ये कोड टाकायच्या आधीच 'लॉगिन' दिसतं. दचकू नका.

फेल-टू-बॅन (सारखा पासवर्ड चुकवणाऱ्याचा पत्ता अडवणारा प्रोग्रॅम) असेल तर तेही बघा. वेबमेलवरून चुकलेले पासवर्ड डोव्हकॉटला १२७.०.०.१ वरून आल्यासारखे दिसतात. त्यामुळे एक तर कोणीच अडकत नाही, नाही तर तुमची वेबमेलच अडकते. त्यासाठी राउंडक्यूबचा स्वतःचा लॉग वाचायला लावा, त्यात खरा आयपी असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोणाचा फोन गेला तर त्याचं टू-फॅक्टर काढायला डेटाबेसमध्ये यूझर्स टेबलात प्रेफरन्सेस या रकान्यात जावं लागतं. तो मजकूर पीएचपीनं गुंडाळलेला असतो, सुरुवातीला एकूण किती नोंदी ते लिहिलेलं. मी हातानं एक नोंद खोडली, आकडा कमी करायला विसरले. बाईंची सही, रंग, फोल्डरांची मांडणी, सगळं धुऊन निघालं. एका छोट्या स्क्रिप्टनं करा. किंवा सुरुवातीलाच रिकव्हरी कोड छापून पाकिटात घालून तिजोरीत ठेवा, म्हणजे ही वेळच येत नाही.

निवांत | ११ सप्टेंबर, दुपारी ३:१५

सखूताईंचा प्रतिसाद वाचनखुणेत. अजून वाचतोय.

लेथवाला | २७ सप्टेंबर, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. काम झालं, वृत्तान्त देणं लागतो.

शनिवारी दुपारी दोन दालनांची रचना केली. पोस्टमास्तरांचं वाक्य न वाक्य पाळलं, डोव्हकॉट पुन्हा चालू केलं, आणि अकरापैकी एकालाही वेबमेल उघडेना. मलाही नाही. अर्धा तास लॉग चाळल्यावर कळलं: राउंडक्यूबच्या सेटिंगमध्ये मी आयमॅपचा पत्ता 'लोकलहोस्ट' लिहिला होता, यंत्रानं त्याचा अर्थ आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या धाटणीचा पत्ता असा लावला, आणि डोव्हकॉटला परवानगी फक्त १२७.०.०.१ ची. स्वतःच्या घरात परका ठरलो. पत्ता आकड्यांत लिहिला, सुरू झालं.

सोमवारी सकाळी शॉपमधून ओरडा. स्कॅनर मेल पाठवेना. ते यंत्र तपासणीचे रिपोर्ट स्कॅन करून थेट गिऱ्हाइकाला धाडतं, त्यात माझा मुख्य पासवर्ड कधीकाळी मीच भरून ठेवला होता. त्याला ॲप-पासवर्ड द्यायला गेलो तर त्याच्या पासवर्डच्या चौकटीत सोळाच अक्षरं मावतात, आणि माझा चोवीसचा. त्याच्यासाठी वेगळा मेलबॉक्स, सोळा अक्षरी पासवर्ड, बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर निवडत वीस मिनिटं. स्मॉल एल आहे की वन, हा वाद ऑपरेटरशी वेगळा.

प्लगइन लावलं, सखूताईंच्या परीक्षा घेतल्या, पास झालं. पहिला आठवडा ऐच्छिक ठेवलं, मग सक्तीचं. दहा जणांचे कोड चालले. काकांचा चालेना. पुन्हा क्यूआर, पुन्हा ॲप, चार वेळा केलं. काका म्हणाले, तुमच्या सर्व्हरला मी आवडत नाही. कोणी सांगेल का काय झालं असेल?

सर्व्हरसखू | २७ सप्टेंबर, रात्री ११:३४

बाकी दहांचे चालताहेत म्हणजे सर्व्हरचं घड्याळ ठीक. काकांच्या फोनचं घड्याळ बघा.

लेथवाला | २८ सप्टेंबर, सकाळी ९:५०

सखूताई, दंडवत.

काका गेली चाळीस वर्षं घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवतात, सिटी बस चुकू नये म्हणून. मनगटावरचं, भिंतीवरचं, आणि फोनवरचंसुद्धा. आपोआप वेळ लावणं बंद करून, हातानं सात मिनिटं पुढे. म्हणजे त्यांचा फोन सात मिनिटांनंतरचा कोड आज दाखवत होता. बरोबर कोड, फक्त भविष्यातला!

तह असा झाला: फोन सरकारी वेळेवर, मनगट काकांच्या वेळेवर. पहिला कोड लागला तेव्हा म्हणाले, 'एवढंच होतं तर आधी सांगायचं.'

पोस्टमास्तर | २८ सप्टेंबर, सकाळी १०:३०

सात मिनिटं म्हणजे चौदा तुकडे. प्लगइन आगेमागे एखाद-दुसरा तुकडा चालवून घेतं, चौदा कसे घेईल.

घड्याळावरून आठवलं, सर्व्हरचं घड्याळ क्रोनी या प्रोग्रॅमनं एनटीपीला (इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेला) बांधून ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशात कंपन्यांनाही एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपीशी वेळ जुळवायला सांगितलंय, आणि लॉग १८० दिवस ठेवायला. तुमच्याकडे ऑगस्टचा लॉग होता म्हणून दार सापडलं. डेबियनवर मूळ सेटिंगमध्ये लॉग काही आठवड्यांतच पुसले जातात, तेवढं वाढवा.

मी_ठाणेकर | २८ सप्टेंबर, दुपारी १२:१५

हिशेब मांडू? दोन शनिवार, एक सोमवार, वीस मिनिटं बाणाची बटणं. माझ्या सेवेचं वर्षाचं भाडं वसूल झालं असतं.

लेथवाला | २८ सप्टेंबर, दुपारी १२:४०

ठाणेकर, तुमच्या सेवेतही काकांचं घड्याळ सात मिनिटं पुढेच असतं.

खिडकीतला_कावळा | ९ नोव्हेंबर, सायं ५:२०

सगळा धागा आज एका दमात वाचला. घरच्या सर्व्हरवर हेच करतोय, अलाउ-नेट्सचं चाललं. डॉकरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात) राउंडक्यूब असेल तर १२७.०.०.१ ऐवजी डॉकरच्या जाळ्याचा पत्ता द्यावा लागतो, कोणाला अडलं तर म्हणून लिहून ठेवतो.

चिंचोका | ९ नोव्हेंबर, सायं ५:४५

ते सगळं ठीक. पुण्याच्या त्या बाईंना दिवाळीला काय पाठवलंत?

लेथवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ८:०२

काकांनी स्वतः पेढ्यांचा बॉक्स कुरियर केला. सोबत चिठ्ठी, स्वतःच्या हातानं लिहिलेली: 'कृपया स्वीकारावे.'

बाईंनी आधी फोन करून खात्री करून घेतली.